बाईंचं बघणं

बाईंनी बघितलं की माणूस आपोआप स्वतःला आवरून घ्यायचा. बायका पदर सारखा करत, पुरुष शर्टाच्या बटणांवरून हात फिरवत, आमचे मुख्याध्यापकसुद्धा त्या समोर आल्या की खुर्चीत जरा सरळ होत. बाई रागीट नव्हत्या. कुणाचं काही उणं काढायचं असंही त्यांच्या मनात नसे. त्या नुसत्या बघत. पण आपल्याकडे असं नुसतं बघायची रीत नाही. आपण माणसाच्या तोंडाकडे बघतो ते तो काय बोलतोय हे कळण्यापुरतं. बाई बघत ते, तोंड कसं आहे हे बघायला.

इंदापूरच्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या. चहा हातात तसाच निवत होता. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तुझा डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त दमलेला आहे. डाव्या कुशीवर झोपतेस का?"

मी खरंच डाव्या कुशीवर झोपत असे. पण हे असं कुणी चारचौघांत विचारलं की माणूस कानकोंडा होतो. त्या उठून गेल्यावर मराठीच्या सरांनी माझी समजूत घातली, "मनावर घेऊ नका मॅडम. चित्रकलेच्या आहेत त्या." एखादं जुनं दुखणं सांगावं तसं.

गावात कुणी गेलं की बाई न चुकता जात. आमच्या ग्रंथपालांची आई वारली तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसले होते. बायका रडत होत्या, मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, आणि बाई त्या म्हातारीच्या कानाकडे टक लावून बघत होत्या. बाहेर आल्यावर चपला घालताना म्हणाल्या, "चेहरा लगेच जातो. कान मात्र तसाच राहतो, ऐकत असल्यासारखा." काही बायका म्हणत, हिची नजर चांगली नाही. बाई रस्त्याने आल्या की कडेवरच्या लेकराच्या तोंडावर पदर ओढून घेत. बाईंना हे ठाऊक होतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. बारशांना जायचं तेवढं त्यांनी सोडून दिलं होतं.

वर्गात 'छान' या शब्दाला बंदी होती. एखाद्या मुलीने शेजारणीची वही बघून छान म्हटलं की बाई तिला उभं करत. "छान चहा असतो. चित्रात काय दिसलं ते सांग." एका उन्हाळ्यात त्यांनी नववीचा वर्ग पळसदेवला नेला होता. सोबतीला मी होते. धरणाचं पाणी खाली गेलं होतं आणि जुनं देऊळ उघडं पडलं होतं. मुलांनी कळस काढले, वर सूर्य काढला, उडणारे पक्षी काढले. बाई एकेकाच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "हा सूर्य कुठे दिसला तुला?" ऊन डोक्यावर होतं, सूर्याकडे बघायची कुणाची टाप नव्हती. मग त्यांनी सगळ्यांना भिंतीजवळ नेलं आणि दगडावर पाण्याने ठेवलेल्या रेघा दाखवल्या. एकीखाली एक, गाळाच्या, फिक्या, काळपट. "हे काढा. हे खरंच आहे इथे." मुलं कंटाळली. मलाही ऊन सोसेना. बाई मात्र स्टुलावर बसून त्या रेघा काढत राहिल्या.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. मूळ घर कळंबचं. तिथे ऊस होता, धाकटा भाऊ शेती बघत होता. त्याला सगळे अण्णा म्हणत, बाईही. आई लवकर गेलेली. वडिलांना, म्हणजे तात्यांना, लकवा मारला आणि उजवं अंग गेलं, तेव्हा दवाखाना जवळ पडेल म्हणून बाईंनी त्यांना इंदापूरला आपल्या दोन खोल्यांत आणलं. तिथून पुढे तात्या जाईपर्यंत बाईंचं आयुष्य त्या दोन खोल्यांत आणि शाळेत गेलं. मधल्या सुट्टीत त्या घाईने घरी जात आणि परत येत. पगारी बाई होती मदतीला, पण भरवणं, पुसणं, कूस बदलणं, दाढी करणं हे बाई स्वतः करत. मी कधी गेले तर तात्यांच्या पाठीखाली हात घालून त्यांना वळवताना मीही हात लावला आहे. बाई त्या वेळी त्यांच्याशी सारखं बोलत असत. "आता वळायचं हं तात्या. झालंच. झालंच बघा." शाळेत ज्यांच्या तोंडून दिवसभरात दहा वाक्यं निघत नसत, त्या तिथे बोलायच्या थांबत नसत.

आणि संध्याकाळी तात्यांचं खाणं झालं, ते निवांत पडले, की त्या खाटेसमोर बसून कोळशाने त्यांना रेखाटत. तेव्हा मात्र एक शब्द नाही. तात्यांचा वळलेला हात. तात्यांचं पाऊल. उघडं पडलेलं तोंड आणि त्यातला एकटा दात. घशाचा खळगा. अशी कितीतरी चित्रं झाली होती. कुणाला दाखवावीत असं त्यांच्या मनातही नव्हतं.

तात्या गेल्यावर वर्षभराने बारामतीचे एक चित्रकला शिक्षक काही कामाने त्यांच्याकडे आले. त्यांनी ती चित्रं बघितली आणि हटूनच बसले. चौकटी त्यांनीच करवून घेतल्या, बारामतीत एक सभागृह चार दिवसांसाठी मिळवलं. बाई कशालाच हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. उद्घाटनाच्या दिवशी नेसलेली साडी बघून मला कळलं की त्यांना आनंद झाला होता. मोतिया रंगाची ती साडी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कळंबहून जीप भरून माणसं आली. भाऊ, भावकीतले लोक, शेजारी. आक्काने तात्यांची चित्रं लावली आहेत एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मनात फेटा बांधलेला, हार घातलेला, मोठ्या रंगीत फोटोसारखा तात्या असणार. ते आत आले आणि दारातच थबकले. कुणी पुढे होईना. एक म्हातारे गृहस्थ पुटपुटले, "घरातलं आसं चव्हाट्यावर आणू ने." अण्णा बहिणीजवळ आला. उंचापुरा माणूस.

"आक्का, टोपीबिगर तात्या गावात कुनी बघितला हुता का कवा?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"आन् तू हितं त्येला उघडा टांगलास," तो म्हणाला आणि बाहेर पडला. जीप तशीच परत गेली. त्यानंतर त्याने फोन करणं बंद केलं.

हे बाईंनी सोसलं. "त्याचं बरोबर आहे त्याच्या जागी," एवढंच म्हणाल्या. खरा घाव बसला तो पुढच्या सोमवारी. पुण्याचे एक कलासमीक्षक त्याच दिवसांत बारामतीला एका कॉलेजात व्याख्यानाला आले होते. जाता जाता त्यांनी प्रदर्शन बघितलं आणि पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्यावर लिहिलं. सोमवारी सकाळी प्रार्थनेआधीच ते कात्रण शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होतं. बाईंकडे साधा फोन होता. त्या स्टाफरूममध्ये आल्या तेव्हा सगळे एकदम तपासायच्या वह्यांत शिरले.

बाईंनी एकेकाचं तोंड बघितलं आणि माझ्याजवळ आल्या. "काय आलंय ते वाच."

"नंतर वाचू या ना, बाई."

"आत्ता वाच. मोठ्याने."

मी वाचलं. सुरुवातीला बरं होतं, ग्रामीण भागात असं काम होतंय वगैरे. पुढे लिहिलं होतं की चित्रकर्तीचा हात तयार आहे, पण वडिलांकडे बघताना तिची नजर कुठे पाणावलेली नाही. स्वयंपाकघरातलं भांडं काढावं तसा तिने बाप काढला आहे. आणि शेवटी एक लहानसं वाक्य: या चित्रांत माया नाही.

डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवत असावेत तशा बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "शेवटचं परत वाच," म्हणाल्या. मी परत वाचलं. मुख्याध्यापक म्हणाले, "मनावर घेऊ नका बाई, पेपरवाले काहीही लिहितात." बाईंनी डोळे उघडले. "काहीही नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या, "माझा सातवीचा तास आहे." आणि खडूचा डबा घेऊन गेल्या.

त्यानंतर त्यांनी एक विलक्षण प्रकार सुरू केला. ज्याने ज्याने प्रदर्शन बघितलं होतं त्याला गाठून त्या विचारू लागल्या, "तुम्हाला माया दिसली का?" शाळेचे शिपाई, तात्यांना इंजेक्शन द्यायला येणारी नर्स, ग्रंथपाल, एसटी स्टँडवर भेटलेली जुनी विद्यार्थिनी, कुणीही. माणूस म्हणायचा, "दिसली की बाई, दिसली म्हणजे काय!" बाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायच्या आणि त्यांना कळायचं. कुणी खोटं बोललं की त्यांना बघावंच लागायचं, बघायचं नाही असं त्यांना जमतच नसे. त्या दिवसांत त्यांना खोट्या चेहऱ्यांशिवाय दुसरं काही दिसलं नसेल.

मलाही विचारलं. मी म्हटलं, "बाई, मला ती चित्रं बघून भीती वाटली."

"हे खरं बोललीस," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही विचारलं नाही.

मग त्यांनी मायेचं चित्र काढलं. मी ते बघितलं आहे. तात्या उशीला टेकून बसलेले, डोक्यावर टोपी, ओठांवर हसू, डोळ्यांत चमक. बारामतीचे ते शिक्षक बघून हरखले. म्हणाले, "बाई, हे आधी असतं तर त्या समीक्षकांची बोलायची हिंमत झाली नसती." त्यांनी मोबाइलवर फोटो काढून चारजणांना पाठवला, आणि त्यांना तिथल्या तिथे शाबासकीचे निरोप आले. ते गेल्यावर बाई त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. "हे तात्या नाहीत," म्हणाल्या. "हा कुणाचातरी बाप आहे." कोळशाचं चित्र पुसायला वेळ लागत नाही. त्यांनी फडकं घेतलं आणि कागदावरून फिरवलं. करडा ढग तेवढा राहिला. त्या दिवसापासून त्यांनी कोळसा हातात घेतला नाही. वर्गात फळ्यावर काढून दाखवत तेवढंच.

मी बहुतेक रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. काही बोलणं होत नसे. मी वह्या तपासायला घेऊन जाई, त्या भाजी निवडत बसत. अशाच एका रविवारी दुपारी दारात मोटारसायकल थांबली आणि अण्णा आत आला. ऐन तोडणीचे दिवस होते, कारखान्याची टोळी त्याच्या उसात होती, तरी तसाच आला होता. कपड्यांवर पाचटाची कुसळं होती. चपला न काढता तो मधल्या दारात उभा राहिला.

"आक्का, कोन हाय त्यो लिवनारा?"

"बस आधी. पाणी घे."

"पानी ऱ्हाऊ दे. पोरीनं मोबाइलवर वाचून दावलं मला काल. माया न्हाय म्हनतो? तात्याचं हागमूत तू काढलंस. घास तू भरवलास. आमी समदी तितं उसात, आन् तू हितं एकटी. आन् त्यो म्हनतो माया न्हाय? कुठं ऱ्हातो त्यो? मला पत्ता दे."

बाईंच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी काहीतरी हललं. "चित्रात नाही म्हणतो तो, अण्णा. माझ्यात नाही असं कुठं म्हणतो?"

"येकच की त्ये."

"एक नसतं रे."

अण्णा खाली बसला. मी उठायला लागले तर बाईंनी हातानेच मला बस म्हटलं. भावाशी बोलताना त्यांची भाषा हळूहळू कळंबची झाली. तशी ती मी त्याआधी ऐकली नव्हती.

"त्यानं खोटं लिवलं न्हाय. दिसभर मी लेकच हुते. भरवताना लेक, पुसताना लेक. शाळंत फळ्याम्होरं उभी ऱ्हायले तरी जीव हितं. सांजंला कोळसा हातात घेतला की घटकाभर मी कुनाची कुनी नसायची. म्होरं तात्या नसायचं. हाडं असायची, सावली असायची. तेवढाच दम खायला मिळायचा मला. त्यो मिळाला नसता तर बाकीच्या दिसाला माया कुठनं आनली असती मी?"

अण्णाने पायातल्या चपला काढून दाराबाहेर सरकवल्या. मग म्हणाला, "दाव मला परत."

चौकटी कपाटामागे उभ्या करून ठेवल्या होत्या. बाईंनी एकेक काढून भिंतीला टेकवली. त्या दिवशी बारामतीत त्याने त्या लोकांच्या घोळक्यातून, लाजेने, दुरून बघितल्या होत्या. आता तो गुडघ्यांवर सरकत एकेकीसमोर जात होता. हात. पाऊल. घसा. पाठीच्या चित्राशी तो थांबला. अंथरुणाला लागून लागून तात्यांची पाठ चिघळली होती, त्या जखमा बाईंनी जशा होत्या तशा काढल्या होत्या.

"ह्ये कवाचं?"

"शेवटच्या पावसाळ्यातलं."

"मी तर दर आयतवारी येत हुतो. मला दिसलं न्हाय ते."

"तू यायच्या आधी अंग पुसून मी त्यांना सदरा घालायचे," बाई म्हणाल्या. "टोपी घालायचे. पाठ भिंतीकडं करून बसवायचे."

"का?"

"तुला बघवलं नसतं."

अण्णाने तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "आन् मी म्हनलं, टोपी न्हाय म्हनून..." बाई त्याच्याकडे बघत होत्या. पण तेव्हा त्यांची नजर चित्रकाराची नव्हती, त्या धाकट्या भावाकडे बघत होत्या.

निघताना त्याने ती पाठ मागितली. "लावायला न्हाय. लावता न्हाय यायची. पर पोरास्नी एकदा दावतो. आजा कसा गेला ते ठावं पायजे." बाईंनी जुन्या चादरीत चौकट बांधून दिली. ती टाकीवर आडवी धरून तो मोटारसायकल हळूहळू चालवत गेला.

यानंतर बाई पुन्हा काढायला लागल्या. पण ते वाक्य त्यांना सोडून गेलं असं मात्र झालं नाही. कुणी त्यांच्या चित्राचं कौतुक केलं की त्या म्हणत, "हात तयार आहे." ऐकणाऱ्याला तो अभिमान वाटे. मला ठाऊक होतं की त्या पुढचं वाक्य मनात म्हणताहेत. दुसरं प्रदर्शन करायला त्या तयार झाल्या नाहीत. "भिंतीवर टांगलं की लोक चित्राकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघतात," म्हणाल्या.

दोनेक वर्षांनी ते समीक्षक पुन्हा बारामतीला आले. बाईंना कुठून तरी कळलं आणि त्या मला घेऊन गेल्या. कार्यक्रमभर मी धास्तावलेली होते. संपल्यावर त्या गर्दीतून सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. सत्तरीचा, थकलेला, सभ्य माणूस होता. बाईंनी बराच काळ घोळवलेलं असावं, कारण एका दमात बोलल्या.

"माझ्या वडिलांची चित्रं तुम्ही बघितली होती. तुम्हाला दिसलं ते बरोबर होतं. फक्त ते चुकलंय असं तुम्ही लिहिलंत."

गृहस्थ गोंधळले. "कुठलं प्रदर्शन म्हणालात? निसर्गचित्रं होती का?"

"कोळशाची. वडिलांची."

"हो का... फार लिहावं लागतं हो, लक्षात राहत नाही. काही लागलं असेल माझं लिहिलेलं, तर माफ करा."

बाईंनी त्यांच्याकडे नेहमीसारखं निरखून बघितलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं, हे मलाही दिसत होतं. "नाही, नाही," बाई म्हणाल्या, "तुम्ही दमलेले दिसता. बसा." आणि त्यांनी स्वतः खुर्ची ओढून त्यांना दिली.

इंदापूरच्या एसटीत बसल्यावर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, आता रडतील. बारामती मागे पडल्यावर म्हणाल्या, "त्यांना आठवतसुद्धा नाही गं."

"वाईट वाटलं?"

"वाटलं." मग म्हणाल्या, "पण आता ते वाक्य माझं एकटीचं झालं. भांडायला कुणी राहिलं नाही. बघू आता, काय करायचं त्याचं."

निवृत्त झाल्यावर बाई कळंबला गेल्या. अण्णाने शेतातल्या घराला लागून त्यांना उत्तरेकडच्या उजेडाची एक खोली बांधून दिली आहे. माझी बदली झाली, जाणं-येणं कमी झालं. गेल्या हिवाळ्यात माझी आई गेली. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि मला काही केल्या रडू येईना. सगळ्यांनी समजूत घालून घालून माझं नुसतं लाकूड झालं होतं. एक दिवस उठून कळंबला गेले.

दारातच सांगितलं, "बाई, आई गेली."

त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाल्या, "तिथे बस, खिडकीशी. मान जराशी वर."

मला धक्का बसला. एवढ्या लांब मी यासाठी आले होते का? पण बसले. त्यांनी कागद लावला आणि कोळसा घेतला. मी काही बोलायला गेले तर त्यांनी मान हलवली. खोलीत कोळशाचा आवाज तेवढा होता. त्या माझ्या कपाळाकडे बघत होत्या, गालाच्या हाडाकडे, हनुवटीकडे. त्या बघण्यात कीव नव्हती, समजूत नव्हती, मी कोण आणि माझं काय झालं याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. इतके दिवस जो तो माझ्याकडे बघून आधी स्वतःचा चेहरा दुःखी करत होता. इथे कुणी काही करत नव्हतं. माझा चेहरा होता तसा असायला मोकळा होता. केव्हा कोण जाणे, मला रडू फुटलं. बाई थांबल्या नाहीत, उठल्या नाहीत. मी रडत राहिले आणि त्या काढत राहिल्या.

उजेड उतरला तेव्हा त्यांनी कागद भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी बघायला मागितला नाही. त्या मोरीत गेल्या, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, आणि ओले हात पदराला पुसत माझ्याशेजारी येऊन बसल्या. मग माझं डोकं त्यांनी आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "काय होत होतं आईला? सगळं सांग मला."